न्हाव्याची जागा

१

थोरल्याचा पाय झोपेतसुद्धा ब्रेक दाबायचा. मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाचं तसंच होतं. शिकणारा स्टिअरिंग धरून घामाघूम, हा शेजारच्या सीटवर, आणि याच्या उजव्या पायाखाली याचा स्वतःचा वेगळा ब्रेक. जन्म असा गेल्यावर पाय काय ऐकतो? बसमध्ये बसला की तो फरशी दाबायचा, पलंगावर आडवा झाला की पायथ्याची फळी. बायको म्हणायची, लग्न ठरवताना मला कुणी सांगितलंच नाही, की अहोंबरोबर अख्खी गाडी पदरात पडणार आहे.

धाकटा भाऊ गेल्यापासून मात्र ती हे बोलायची थांबली होती. धाकटा नाटकात काम करायचा. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून घरात त्याला ढब्बू म्हणत, आणि पुढे काठीसारखा उंच झाला तरी नाव काही सुटलं नाही. तालीम संपवून मित्राच्या गाडीतून घरी यायला निघाला होता, शेजारच्या सीटवर बसून. त्या बाजूला ब्रेक नव्हता. थोरल्याने हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण रात्री फळीवर पाय आपटला की बायकोला कळायचं.

आणि आता आई जेवेनाशी झाली होती. जेवायला बसायची, पण आपल्या ताटाला हात लावायची नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढेही एक ताट मांडून घ्यायची आणि खुर्चीला विचारायची, आज पाय दुखतोय का रे? मग थांबायची. फोनवर पलीकडच्याचं ऐकताना माणूस थांबतो ना, अगदी तसं. मग म्हणायची, तेल लावून देते. आणि ताट सरकवून उठायची. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही. रोग असता तर बरं झालं असतं, असं थोरल्याला वाटलं, निदान गोळी तरी देता आली असती.

हे खूळ कुठून आलं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नाटकवाल्यांकडून.

२

ते नाटक म्हणजे खुर्चीत बसून बघायचं नाटक नव्हतं. साबणाची एक जुनी, बंद पडलेली फॅक्टरी त्या मंडळींनी घेतली होती आणि आत एक हॉटेल उभं केलं होतं. जिने, बोळ, खोल्या, धोबीखाना, सगळं खरं. प्रेक्षकांनी मुखवटा चढवायचा, अंगात करडा लांब कोट घालायचा, तोंड बंद ठेवायचं आणि आवडेल त्या पात्रामागे आवडेल तिथे जायचं. मॅनेजरमागे जा, नवरीमागे जा, मोलकरणीमागे जा. ढब्बू त्या हॉटेलातला न्हावी व्हायचा. तो असताना थोरल्याने हे नाटक पाहिलं नव्हतं. सध्या शिकाऊ मंडळींची गर्दी आहे, पुढच्या महिन्यात येतो, असं चाललं होतं.

त्या मंडळींची एक रीत होती. तालमीला कुणी आलं नाही, तर त्याच्याऐवजी दुसरं कुणी उभं करायचं नाही. त्याची जागा ठेवायची. म्हणजे तो आहे असं धरून त्याच्याशी बोलायचं, त्याचं वाक्य संपेल एवढं थांबायचं, तो दारातून जाईल एवढा वेळ दार धरून ठेवायचं. ढब्बू गेल्यावर त्यांनी खऱ्या प्रयोगातही त्याची जागा ठेवली. आधी श्रद्धांजली म्हणून एक प्रयोग, मग आणखी एक, मग ते तसंच चालू राहिलं. आईला फुकट पास दिला होता. ती एकही प्रयोग चुकवत नव्हती.

थोरला तावातावाने भांडायला गेला. नाटक बसवणाऱ्या बाईने, तिला सगळे नुसतं बाईच म्हणत, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदा बघा. बघून झाल्यावर म्हणालात बंद करा, तर उद्यापासून दुसरा नट उभा करते. शब्द देते."

त्याला हेच हवं होतं. रविवारी दुपारचा प्रयोग होता. बाईने स्वतः त्याला मुखवटा बांधून दिला आणि गाठ मारता मारता सांगितलं, कुणाच्याही मागे जा, फक्त जागेत शिरू नका. चुकून शिरलो तर, त्याने विचारलं. बाई म्हणाली, अजून कुणी शिरलेलं नाही, अंग आपोआप बाजूला होतं.

थोरल्याला मनातून हसूच आलं. रिकामी जागा दिसली की गाडी आत घाल, विचार करत बसलास की दुसरा घालतो, हे तो दिवसभर घसा फोडून सांगत असे. आणि इथे रिकाम्या जागेचं सोवळंओवळं पाळणारी ही मोठी माणसं.

३

आत साबणाचा वास होता. भिंतीत मुरलेला, जाता न जाणारा. पिवळे मिणमिणते दिवे, आणि जिकडे तिकडे पांढऱ्या मुखवट्यांची करडी माणसं, आवाज न करता हलणारी. सगळी एकसारखी. पण डाव्या गुडघ्यावर हात टेकवत जिना चढणारी एकच होती, आणि ती आई होती. तो तिच्या मागे लागला. मुखवट्यामुळे तिने ओळखलं नाही, की ओळखूनही दाखवलं नाही, कोण जाणे.

ती थेट मॅनेजरच्या खोलीत गेली. खोलीत एक उंच पाठीची खुर्ची होती. मॅनेजर, पोट सुटलेला, भुवया जाड असलेला नट, खुर्चीत बसला. त्याने गळ्याभोवती टॉवेल अडकवला, गालांना आणि हनुवटीला स्वतःच फेस फासला आणि मान मागे टाकली. गळा छताकडे. आणि मग काही नाही.

काही नाही म्हणजे, नुसता तो तसा पडून बोलत राहिला. पाहुणे किती वाजता येणार, पाण्याची बोंब आहे, असलं काहीतरी. मध्येच थांबायचा, ऐकायचा, गालातल्या गालात हसायचा. हनुवटी डावीकडे वळवायचा, मग उजवीकडे. वरचा ओठ दातांवर ताणून धरायचा. काम बेमालूम होतं, थोरल्याने मनात कबूल केलं. भोवती पाचसहा मुखवटे उभे होते, पण खुर्चीच्या उजव्या अंगाला कुणीही नव्हतं. माणूस उभा राहून हात चालवेल एवढी जागा सोडून सगळे दाटीवाटीने डावीकडे उभे होते. आई समोर होती. तिची मान हळूहळू हलत होती, वस्तऱ्याबरोबर हलावी तशी.

खर्र. खर्र. आवाजही लावला होता वाटतं. कुठेतरी स्पीकर असणार. तो शोधायला थोरल्याने वर बघितलं, आणि परत खाली बघितलं तेव्हा मॅनेजरच्या उजव्या गालावर फेस नव्हता. कानापासून जबड्यापर्यंत एक सरळ पट्टा स्वच्छ. फेस विरतो, त्यात काय. दिव्यांची ऊब असते. पण विरणारा फेस असा पट्टीने आखल्यासारखा का विरेल, हे मात्र त्याला स्वतःला समजावता येईना.

मग मॅनेजर 'स्स' करून थांबला. कानाखाली लाल ठिपका उमटला होता. त्याने बोट लावलं, बोटाकडे बघितलं, आणि क्षणभर खुर्चीत मॅनेजर नव्हताच. घाबरलेला एक नट होता, दाराकडे बघणारा. लगेच त्याने भुवया सावरल्या आणि पुढचं वाक्य घेतलं.

४

न्हावी खोलीतून निघाला, हे थोरल्याला आईवरून कळलं. ती भिंतीला टेकली, कुणालातरी वाट दिली आणि मागोमाग निघाली. बोळात मोलकरणीने दार उघडून धरलं, नजर एका उंच माणसाच्या तोंडाच्या पातळीला नेली, हसली, मग दार सोडलं. आईने ते हाताने अडवलं. थोरला तिची चाल बघत राहिला. पुढच्या गाडीपासून अंतर राखून चालव, हे शिकाऊ पोरांना सांगून त्याचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि आई ते अंतर नखभरही ढळू देत नव्हती. पुढे काहीतरी वळत होतं, थबकत होतं, पुन्हा चालत होतं, आणि ती त्याबरोबर.

तो स्वतःशी वाद घालत चालला. पाठ झालंय तिला, दुसरं काय. इतके प्रयोग बघितल्यावर कुणालाही पाठ होईल. स्पीकर, दिवे, नटांची हुशारी. बाहेर गेलो की बाईला सांगतो, बंद करा, आणि आईला घेऊन घरी जातो. तिला दोन घास खाताना बघितलं की आपलं काम झालं. एवढंच त्याला हवं होतं. देवाशपथ, दुसरं काही नको होतं.

नवरीच्या खोलीत एक स्टूल होतं, गोल, बिनपाठीचं. नवरी त्यावर बसली आणि तिने केस मोकळे सोडले. न्हाव्याशी तिचं काहीतरी जुनं असावं. ती हळू आवाजात बोलत होती, लग्न नको म्हणत होती, आणि बोलता बोलता मागे रेलली. डोकं मागे टेकवलं. कशावर टेकवलं?

थोरल्याचा उजवा पाय फरशीवर कचकन दाबला गेला. आयुष्यभर त्याने वजन, वेग आणि पडणं एवढंच तर बघितलं होतं. इतकं मागे झुकलेलं माणूस पडतं. पडतंच. नवरी पडली नाही. पाय जमिनीवर सैल, हात मांडीवर सैल, आणि ती तशीच रेलून बोलत राहिली. तिचे कपाळावरचे केस मागे सरत होते, थोडे थोडे, कुणी बोटांनी सारावेत तसे. असतील हिच्या पोटाचे स्नायू कसलेले, थोरला म्हणाला. वारा येत असेल. खोलीला खिडकी नव्हती.

"सावकाश रे," आई मुखवट्याआडून पुटपुटली. "केस ओढू नकोस तिचे."

बोलायला बंदी होती. कुणी तिला हटकलं नाही. आणि त्याच वेळी थोरल्याच्या कानावर एक बारीक आवाज आला, कापडावर कापड घासल्याचा. ढब्बूची लहानपणापासूनची खोड होती. उभा राहिला की एका पायाच्या चवड्याने दुसऱ्या पायाची पोटरी घासायचा. शाळेत मार खाल्ला, घरी बोलणी खाल्ली, पण खोड गेली नाही. आवाज स्टुलाच्या मागून आला होता. त्याला एकाच वेळी पळून जावंसं वाटलं आणि हाक मारावीशी वाटली.

५

शेवटी सगळी पात्रं खालच्या मोठ्या दालनात जमली. इथे नाटकाचा शेवट असा होता, की प्रत्येक पात्र एका प्रेक्षकाचा हात धरतं, त्याला दारापर्यंत नेतं, मुखवटा काढतं आणि कानात एक वाक्य बोलून बाहेर सोडतं. मॅनेजरने एका तरुणाचा हात धरला. मोलकरणीने एका बाईचा धरला. नवरी कुणाला तरी घेऊन चालायला लागली.

आई दालनाच्या मधोमध एकटी उभी होती. तिने उजवा हात पुढे केला. थोरला अगदी जवळ होता. त्याने पाहिलं, की तिची बोटं मिटली, पण पूर्ण मिटली नाहीत. मध्ये दुसऱ्या हाताएवढी पोकळी राहिली. आणि तिच्या हाताच्या मागच्या बाजूला, सैल पडलेल्या कातडीवर, चार ठिकाणी खळ्या पडल्या. दाबल्यासारख्या.

ती निघाली. दाराकडे नव्हे. बाकी सगळे उजवीकडच्या दाराकडे जात होते, जिथून दुपारचा उजेड आत येत होता. आई डावीकडे वळली. तिकडे काही दार नव्हतं, नुसता एक बोळ होता, दिवा नसलेला, साबणाच्या वासाचा. आणि ती हसत होती. मुखवट्यातूनही कळत होतं, खांदे हलत होते.

विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित त्याला बाईचं बोलणं आठवलं असतं. पण शेजारच्या सीटवरचा माणूस विचार करत नाही. जागा दिसली आणि तो शिरला. आईच्या आणि त्या बोळाच्या मध्ये, तिच्या हातातल्या पोकळीत स्वतःचा हात घालून.

गारठा जाणवला, एवढंच. ओल्या चादरींत शिरल्यासारखा. दालनातले सगळे नट जागच्या जागी थबकले आणि मग, सुटकेचा श्वास सोडावा तसे, त्याच्याकडे बघायला लागले. खरंखुरं बघायला लागले. मॅनेजरने त्याला मान लववून नमस्कार केला. नवरी दारातून वळून त्याच्याकडे बघत राहिली, डोळ्यांत पाणी आणून. त्याने आईला घट्ट धरलं, वळवलं आणि उजेडाकडे चालायला लागला.

दारापाशी त्याने एकदाच मागे पाहिलं. तो मघाशी आईजवळ जिथे उभा होता, तिथे आता एक करडा कोट उभा होता. पांढरा मुखवटा, उंच, काठीसारखा. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाच्या चवड्याने पोटरी घासत होता.

थोरल्याने स्वतःचा मुखवटा काढला, मग आईचा. तिचा चेहरा घामाने भिजला होता आणि कधी नव्हे इतका ताजा दिसत होता. त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आई, घरी चल. जेवायला."

"चल रे ढब्बू," आई म्हणाली. "दादा वाट बघत असेल."

६

गाडीत ती मागे बसली, शेजारी एकाची जागा सोडून. आईची जीभ घसरली असेल, थोरला स्वतःला सांगत राहिला. पोरांची नावं आया नेहमी उलटीपालटी घेतात. गाडी तोच चालवत होता, आणि मागच्या सीटवर त्याने एकदाही आरशातून बघितलं नाही.

बायकोने दार उघडलं. आईचा हात धरून तिला आत घेतलं. "आलात?" ती म्हणाली, त्याच्या खांद्याच्या किंचित बाजूला बघत. थोडी थांबली. मग म्हणाली, "बरं झालं. हात धुवा, वाढतेच आहे." तो काही बोलला नव्हता. दमली असेल, त्याला वाटलं. दिवसभर एकटी होती.

जेवायला बसले. आणि आई जेवली. पोटभर जेवली. पुन्हा वाढून घेतलं, बोटं चाटली, शेजारच्या खुर्चीकडे वळून काहीतरी बोलून हसली, आणि या खेपेला तिला उत्तरासाठी थांबावं लागलं नाही. थोरल्याला भरून आलं. हेच तर हवं होतं. त्या खुर्चीकडे मान वळवायची मात्र त्याला हिंमत झाली नाही. तिकडून कापडावर कापड घासल्याचा आवाज येत होता, बारीक, मधूनमधून.

बायकोने त्याला वाढलं. आज शिकवणीला कुणी नवीन आलं होतं का, तिने विचारलं, आणि थांबली. तो तोंडातला घास गिळून म्हणाला, आज रविवार, आज कुठली शिकवणी. त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ती हसली. "तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. तिचे डोळे त्याच्यावर होते, म्हणजे तो जिथे बसला होता तिथे होते. पण डोळे सुजलेले होते. खूप दिवस रडल्यावर सुजतात तसे.

त्याने टेबलाखाली उजवा पाय दाबला. जोरात दाबला. खाली फरशी होती आणि ती थंडगार होती.

"आई," बायको खालच्या आवाजात म्हणाली, "असं किती दिवस बोलत राहायचं ह्यांच्याशी?"

"ठेवायची गं जागा," आई म्हणाली. तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "मीही ढब्बूची ठेवलीच होती ना? अशी मोडायची नाही. विचार त्याला, विचार काहीतरी."

बायकोने डोळे पुसले. भाजीचं भांडं बाजूला ठेवलं आणि त्याच्या खुर्चीकडे वळली. "अहो, कुठे आहात हो तुम्ही?" ती म्हणाली.

आणि थांबली. माणसाला एक छोटं वाक्य बोलायला लागेल, एवढंच थांबली.

"अगं, मी इथेच आहे," थोरला म्हणाला.

त्याचं वाक्य त्या थांबण्यात नेमकं बसलं. तिने मान डोलावली. मग तिने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. तो मघापासून जेवत होता, आणि ताट वाढलं होतं तसंच भरलेलं होतं. ती ते आत घेऊन गेली.